प्रयोगासाठी वाचक हवेत, पण कोणते?

पुस्तके वाचण्याच्या यंत्रासाठी कोणीतरी नवे सॉफ्टवेअर लिहितो. ते त्याच्या स्वतःच्या यंत्रावर व्यवस्थित चालते, आणि मग एक आवाहन निघते. त्याचा मजकूर साधारण ठरलेला असतो. ही आवृत्ती अजून प्रयोगावस्थेत आहे. तुमच्याकडे अमुक मॉडेल असेल तर चालवून पाहा. आधी पुस्तकांची आणि टिपणांची प्रत काढून ठेवा. काय बिघडले ते कळवा. यंत्र बंद पडल्यास जबाबदारी तुमची. मोबदला नसतो. तरीही माणसे पुढे येतात, स्वतःच्या पैशाने घेतलेले यंत्र पणाला लावतात आणि रात्र रात्र जागून दोष शोधतात. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात, ते हेच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने किंडलची विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची जुनी सोय बंद केली. त्यानंतर आपली पुस्तके आणि आपले यंत्र नेमके कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न वाचकांमध्ये पुन्हा चर्चेला आला. कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जोडीला दुसरे काही चालवता येते का, याची चौकशी साधे वाचकही करू लागले. अशी चौकशी करणारा माणूस लवकरच वरच्यासारख्या एखाद्या आवाहनापाशी येऊन थांबतो. त्याने हो म्हणावे की नाही, हा त्याचा प्रश्न. पण त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. हो म्हणणारे कोण असतात, आणि जे म्हणत नाहीत त्यांच्यासाठी ते सॉफ्टवेअर चालते का?

मुळात माणसे लागतात कशाला, हे आधी पाहावे लागेल. मोबाइलचे ॲप तपासायचे तर संगणकावरच मोबाइलची प्रतिकृती उभी करून बरेचसे काम भागते. ई-रीडरचे तसे नाही, आणि त्याचे कारण त्याच्या पडद्यात आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमधील संशोधनातून १९९७ मध्ये ई-इंक ही कंपनी निघाली. तिच्या पडद्यात साधारण केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण. दोन्ही रंगांच्या कणांवरचा विद्युतभार परस्परविरुद्ध, त्यामुळे विजेचा दाब दिला की एक रंग वर येतो आणि दुसरा तळाशी जातो. एकदा कण जागेवर बसले की वीज बंद केली तरी ते तिथेच राहतात. म्हणून ही यंत्रे एका चार्जिंगवर आठवडेच्या आठवडे चालतात. भर उन्हातही ती कागदासारखी वाचता येतात.

पण कणांना हलवणे हे दिवा लावण्याइतके सोपे नसते. पान उलटताना प्रत्येक ठिपक्याला विजेच्या लहान लहान धक्क्यांची एक ठरावीक मालिका द्यावी लागते. ठिपका आधी किती काळा होता, आता किती करायचा आणि पडदा किती गरम आहे, यावर ती मालिका ठरते. थंडीत द्रव घट्ट होतो, कण आळसावतात. मालिका चुकली तर मागच्या पानाची पुसट सावली पुढच्या पानावर राहते. राखाडी रंगाच्या सोळा छटा नीट हव्यात तर वेळ लागतो. घाई केली तर फक्त काळे-पांढरे मिळते. हा सगळा व्यवहार संगणकावरच्या प्रतिकृतीत दिसत नाही. केओरीडर या मुक्त सॉफ्टवेअरची संगणकावर चालणारी प्रतिकृती उपलब्ध आहे. तिच्यात मेनू, अक्षरांची मांडणी, पानांचे क्रमांक सगळे तपासता येते. सावली मात्र उमटत नाही. रात्री आवरण मिटवून ठेवलेल्या यंत्राची बॅटरी सकाळपर्यंत रिकामी झाली, हेही तिच्यात कळत नाही. ते कळायला खरे यंत्र, खरी रात्र आणि सकाळी वैतागलेला खरा वाचक लागतो.

केओरीडरचे उदाहरण घेण्याचे कारण म्हणजे त्याची रीत उघडी आहे. किंडलवर पीडीएफ वाचण्याच्या खटपटीतून सुरू झालेला हा प्रकल्प आज किंडल, कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइडच्या यंत्रांवर चालतो. त्याची एक स्थिर आवृत्ती असते आणि दुसरी, बदल होतील तसतशी तयार होणारी, कच्ची. यंत्रातल्याच एका मेनूत यांपैकी कोणती हवी ते निवडता येते. कच्ची निवडणारा माणूस त्या क्षणी चाचणीचा स्वयंसेवक होतो. त्याने कुठे नाव नोंदवलेले नसते, कोणी त्याला निवडलेले नसते. भरती म्हणावी तर ती एवढीच.

यातला धोका किती? बहुतेक वेळा थोडा. पुस्तक उघडत नाही, यंत्र गोठते, बटण काही वेळ दाबून ठेवले की पुन्हा सुरू होते. टिपणे आणि अधोरेखिते गमावणे हा त्याहून वाईट प्रकार. कोबोमध्ये ही सगळी माहिती एका डेटाबेस फाइलमध्ये असते. ती एक फाइल खराब झाली की पाच वर्षांच्या खुणा गेल्या. सर्वांत वाईट म्हणजे यंत्र सुरूच न होणे. जाणकार त्याला 'वीट झाली' म्हणतात, घरोघरी त्याला 'डबा झाला' म्हणतात. कोबोच्या यंत्रात ठरावीक नावाची फाइल ठरावीक ठिकाणी ठेवली की यंत्र ती उलगडून आपल्यात बसवून घेते. प्रयोग करणाऱ्यांसाठी ही मोठी सोय, आणि गाफील माणसासाठी तितकाच मोठा खड्डा. जुन्या अनेक मॉडेलांत आतले साठवणकार्ड काढून दुसऱ्यावर प्रत घेता येत असे, त्यामुळे डबा झालेले यंत्र घरीच जिवंत करता येई. अलीकडच्या काही मॉडेलांत साठवण थेट मुख्य पट्टीवर डाखलेली असते. तिथे ही वाट बंद.

म्हणजे स्वयंसेवक होण्यासाठी काय लागते, याची यादी आपोआप तयार होते. दुसरे यंत्र हवे, किंवा पहिले गेले तरी चालेल इतकी ऐपत हवी. संगणक आणि केबल हवी. लपवलेले फोल्डर उघडता यायला हवे. आवाहन इंग्रजीत असते, तेव्हा इंग्रजी हवे. वेळ हवा. डोळे चांगले हवेत, कारण चार मिलिमीटरच्या बटणावर बोट नेमके पडावे लागते. ही यादी कोणी मुद्दाम केलेली नाही, कोणाला वगळण्याचा कोणाचा हेतूही नाही. पण चाळणी लागते ती लागतेच.

वैद्यकीय संशोधनाला ही चाळणी चांगली परिचित आहे. ब्रिटनमध्ये २००६ ते २०१० या काळात 'यूके बायोबँक' या प्रचंड अभ्यासासाठी ४० ते ६९ वयोगटातील सुमारे ९२ लाख लोकांना आमंत्रणे गेली. आले साधारण पाच लाख, म्हणजे शंभरातले साडेपाच. पुढे संशोधकांनी या पाच लाखांची इतर जनतेशी तुलना केली, तेव्हा आलेले लोक सरासरीपेक्षा अधिक निरोगी, अधिक सुस्थितीतल्या वस्त्यांमधले, कमी धूम्रपान करणारे निघाले. आपणहून येणाऱ्यांचा हा कल इतका नेमाने दिसतो की साथरोगशास्त्रात त्याला 'निरोगी स्वयंसेवक परिणाम' असे नावच आहे. त्यामुळे बायोबँक निरुपयोगी ठरत नाही. तिच्यातून अनेक महत्त्वाचे निष्कर्ष निघाले आहेत. फक्त पाच लाखांतील एखाद्या आजाराचे प्रमाण हे देशातील प्रमाण म्हणून कोणी सांगू लागले तर त्याला थांबवावे लागते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत अशी थांबवणारी माणसे कमी आहेत. 'दोनशे जणांनी वापरून पाहिले, कोणाची तक्रार नाही' हे वाक्य तिथे पुरेसे मानले जाते. त्या दोनशेंमध्ये एकही मोतीबिंदू झालेला नव्हता, एकही जण शेजारच्या मुलाकडून यंत्र सुरू करून घेणारा नव्हता, हे कोणी मोजत नाही.

सॉफ्टवेअरच्या जगात पाच जणांचा नियम फार प्रसिद्ध आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० मध्ये मांडले की पाच वापरकर्त्यांना बसवून पाहिले तरी रचनेतले सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. आणखी माणसे गोळा करण्यापेक्षा दोष दुरुस्त करून पुन्हा पाच जणांना बसवावे. सल्ला चांगला आहे आणि लहान प्रकल्पांना परवडणारा आहे. मात्र त्याच मांडणीतली दुसरी बाब सहसा सांगितली जात नाही. वापरणाऱ्यांचे एकमेकांपासून अगदी वेगळे असे गट असतील, तर प्रत्येक गटातून स्वतंत्रपणे माणसे घ्यावी लागतात. मुले आणि पालक, रुग्ण आणि डॉक्टर यांची वापरण्याची तऱ्हा एक नसते. पाच सारखे लोक बसवले तर तेच ते दोष पुन्हा पुन्हा सापडतील.

ई-रीडरच्या इतिहासात याचा धडा एकदा फार ठळकपणे मिळालेला आहे. मे २००९ मध्ये ॲमेझॉनने मोठ्या पडद्याचे किंडल डीएक्स आणले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील काही विद्यापीठांत त्याची चाचणी ठरली. ॲरिझोना स्टेट, केस वेस्टर्न रिझर्व्ह, पेस, प्रिन्स्टन, रीड आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची डार्डन व्यवस्थापन संस्था यांचा त्यात समावेश होता. पाठ्यपुस्तकांची ओझी कमी होतात का, कागद वाचतो का, हे पाहायचे होते. निष्कर्ष प्रामाणिक आणि उपयुक्त निघाले. प्रिन्स्टनमध्ये तीन अभ्यासक्रमांतील सुमारे पन्नास विद्यार्थ्यांनी यंत्र वापरले आणि त्यांची छपाई जवळपास निम्म्यावर आली. डार्डनमध्ये मात्र बहुसंख्य विद्यार्थ्यांनी सांगितले की नव्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी याची शिफारस करणार नाही. घरी कादंबरी वाचायला घ्या, असे म्हणणारे तेच. वर्गात चर्चा चालू असताना दहा पाने मागे, मग तक्त्यावर, मग पुन्हा पुढे असे झरझर जाता येत नव्हते. कणांना हलायला वेळ लागतो, ही पडद्याची मर्यादा अशी वर्गात येऊन बसली.

पण मोठा दोष या कोणत्याही विद्यार्थ्याला सापडला नाही, कारण तो त्यांच्यापैकी कोणाला अडवणाराच नव्हता. किंडल डीएक्स पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू शकत होते. अंध विद्यार्थ्यासाठी केवढी मोठी गोष्ट. पण पुस्तक निवडण्याचा मेनू मुका होता. वाचून दाखवण्याची सोय चालू करण्यासाठी डोळस माणसाची गरज लागत होती. जून २००९ मध्ये अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड आणि अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड या दोन संघटना एका अंध विद्यार्थ्याला सोबत घेऊन ॲरिझोना स्टेट विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात गेल्या. जानेवारी २०१० मध्ये तो खटला तडजोडीने मिटला. त्याच महिन्यात केस वेस्टर्न, पेस आणि रीड यांनी अमेरिकेच्या न्याय खात्याशी करार केला की अंधांना पूर्णपणे वापरता येत नाही तोवर असे यंत्र वर्गात आणणार नाही. जूनमध्ये न्याय आणि शिक्षण खात्यांनी देशातील महाविद्यालयांच्या प्रमुखांना पत्र पाठवून हीच भूमिका कळवली.

यातली बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळच्या किंडलमध्ये वाचून दाखवण्याची ही सोय 'प्रायोगिक' या शीर्षकाखाली होती. प्रायोगिक म्हटले की दोष असणारच, असे सगळे गृहीत धरतात. दोष कोणाच्या वाट्याला येतो, हे मात्र कोणी विचारत नाही. एक अंध विद्यार्थी पहिल्या दिवशी चाचणीला बसवला असता तर मेनू मुका आहे हे पाच मिनिटांत कळले असते. ज्याचे जळते त्याला कळते. त्याऐवजी ते न्यायालयात कळले. पुढच्याच वर्षी आलेल्या किंडलचा मेनू बोलू लागला. मग काही मॉडेलांतून ध्वनीच काढून टाकला गेला. २०१६ मध्ये ब्लूटूथच्या मार्गाने तो परत आला. चाचणीच्या टेबलाभोवती अंध वाचक कायम बसलेला असता तर ही ये-जा इतकी झाली असती का, असे वाटून जाते.

आरोग्याच्या पानावर ई-रीडर एकदाच गाजला, तो झोपेच्या संदर्भात. त्या बातमीतही चाचणीचा आणि वाचकाचा असाच सांधा निखळलेला होता. अमेरिकेतील ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयातील संशोधकांचा एक निबंध डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री प्रकाश टाकणाऱ्या पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप लागायला छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे दहा मिनिटे जास्त लागली आणि झोपेशी निगडित मेलाटोनिन हे संप्रेरक निम्म्याहून अधिक दबले, असे त्यात आढळले. बातम्या झळकल्या, की ई-रीडर झोप उडवतो. प्रत्यक्षात अभ्यासात १२ निरोगी तरुण होते, ते रुग्णालयात राहून रोज झोपण्यापूर्वी चार तास वाचत होते आणि त्यांच्या हातात पूर्ण उजेडावर ठेवलेला आयपॅड होता. ई-इंकच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. काही मॉडेलांत वरून सौम्य दिवा असतो, तो बंदही करता येतो. संशोधकांनी आपला निष्कर्ष प्रकाश फेकणाऱ्या यंत्रांपुरता नीट मांडला होता. गोंधळ पुढे झाला. बारा तरुणांवरची, एका वेगळ्या यंत्रावरची चाचणी साठीच्या वाचकाच्या किंडलला लावली गेली. रात्री उशाशी ई-रीडर घेऊन झोपणाऱ्या अनेकांना घरच्यांनी ती बातमी वाचून दाखवली असेल.

आता संमतीकडे वळू. औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्याला काय होऊ शकते हे समजेल अशा भाषेत सांगणे बंधनकारक असते. भारतात २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. सॉफ्टवेअरच्या चाचणीत कोणाचा जीव जात नाही, तेव्हा एवढी कडक व्यवस्था मागणे हास्यास्पद ठरेल. मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात 'कोणतीही हमी नाही' हे कलम मोठ्या अक्षरांत असतेच, आणि पदरमोड करून फुकट काम करणाऱ्या विकासकाकडून भरपाई मागणे न्यायाचेही नाही.

पण एक धोका आवाहनांमध्ये फारसा सांगितलेला नसतो, आणि तो यंत्र बंद पडण्यापेक्षा नाजूक आहे. दोष कळवताना स्वयंसेवकाकडून नोंदवही मागितली जाते. सॉफ्टवेअर कुठे अडखळले याची ती यंत्राने स्वतः लिहिलेली रोजनिशी असते. दोष शोधायला तिच्याइतकी उपयोगी गोष्ट नाही. तिच्यात अनेकदा उघडलेल्या फाइलींची नावे पूर्ण पत्त्यासह असतात, आणि फाइलचे नाव म्हणजे बहुतेक वेळा पुस्तकाचे नाव. माणूस काय वाचतो यावरून त्याच्याबद्दल बरेच कळते. स्तनाच्या कर्करोगावरचे पुस्तक, वंध्यत्वावरचे, दारू सोडण्यावरचे, घटस्फोटाच्या कायद्यावरचे. मुक्त प्रकल्पांत ही नोंदवही सर्वांना दिसेल अशा ठिकाणी चिकटवली जाते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. देणाऱ्याला आपण काय दिले हे बहुधा कळलेलेही नसते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असावी असे म्हटले आहे, आणि त्यासाठीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय असावा, असेही. हौशी प्रकल्पाने कायद्याचा कीस काढण्याची गरज नाही. 'नोंदवही पाठवण्यापूर्वी पुस्तकांची नावे खोडा, किंवा चाचणीसाठी नको असलेले एक पुस्तक वापरा' एवढे एक वाक्य आवाहनात टाकले तरी पुष्कळ झाले.

इथे एक उलट बाजूही मान्य करावी लागते. मुक्त प्रकल्पाचा स्वयंसेवक निदान विचारल्यावर हो म्हणतो. मोठ्या कंपन्या नवी आवृत्ती सर्व ग्राहकांना एकाच दिवशी देत नाहीत. ती टप्प्याटप्प्याने सोडली जाते, पहिल्या टप्प्यात गडबड दिसली तर पुढचा टप्पा थांबवतात. सावधगिरी म्हणून हे योग्यच. पण पहिल्या टप्प्यात ज्यांची यंत्रे येतात त्यांना आपण चाचणीला बसलो आहोत हे ठाऊक नसते. किंडल वायफायला जोडलेले असले की नवी आवृत्ती आपोआप उतरते. त्या तुलनेत 'जबाबदारी तुमची' असे तोंडावर सांगणारे आवाहन अधिक सरळ म्हणायला हवे. आणि वाचकांनी मिळून केलेल्या खटपटींतून या क्षेत्राला मिळालेले देणेही लहान नाही. ई-पुस्तके सांभाळण्याचे जगभर वापरले जाणारे कॅलिबर हे सॉफ्टवेअर कोविद गोयल या भारतीय विद्यार्थ्याने ऑक्टोबर २००६ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकत असताना सुरू केले. सोनीचा नवा ई-रीडर त्याच्या संगणकाशी बोलत नव्हता, हे निमित्त. तो बोलावा म्हणून इतर वाचकांनी मदत केली, आपापल्या यंत्रांवर तपासून पाहिले. कोणत्याही कंपनीने मागितले नव्हते.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी संबंध कुठे येतो, तर अगदी अक्षरापाशी. किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आली. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिण्यात आधी येते, रफार डोक्यावर चढतो, जोडाक्षरे आकार बदलतात. ही जुळणी करणारे हार्फबझ नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. अँड्रॉइडपासून केओरीडरपर्यंत अनेक जण तेच वापरतात. हिंदीपुरते तपासून देवनागरी झाली असे मानले, तर मराठीच्या खास जागा सुटतात.

सुरुवातीला आलेला भाकऱ्या हा शब्दच घ्या. त्यातला अर्धा र हिंदीत लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडून, किंवा साधा र घेऊन मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण यंत्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. पुस्तकात एका पद्धतीने टंकलेला 'वाऱ्यावर' वाचकाने दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर साध्या शोधाला तो सापडत नाही. पान समोर उघडे असले तरी. आणि न दिसणारे जोडचिन्ह फाइल बदलताना कुठे गळून पडले, तर भाकऱ्यांवर रफार चढतो. 'ॲप' मधल्या ॲ चीही तीच गत. त्यासाठी युनिकोडने २००८ मध्ये स्वतंत्र अक्षर दिले. त्याआधीचे फॉन्ट तिथे रिकामा चौकोन दाखवतात, आणि अ वर चंद्र देऊन टंकलेला जुना मजकूर शोधाला वेगळा दिसतो.

शब्दकोशाचे दुखणे याहून मोठे. ई-रीडरवर शब्दावर बोट ठेवले की अर्थ दिसतो, ही या यंत्राची एक मोठी सोय. इंग्रजीत बहुतेक वेळा शब्द असतो तसाच कोशात मिळतो. मराठीत वाचक 'झाडाखालून' वर बोट ठेवतो. कोशात असते 'झाड'. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये सोलून मूळ शब्दापर्यंत पोहोचणारी सोय नसेल तर उत्तर येते, शब्द सापडला नाही. इंग्रजी वाचणारा स्वयंसेवक ही तक्रार कधीच करणार नाही. त्याला ती दिसतच नाही. मराठी कादंबरी उघडून बसलेला वाचक पहिल्या पानावर करील.

हे काम करायला संगणक शिकलेला माणूस लागत नाही, हा यातला सुखद भाग. कच्ची आवृत्ती बसवण्याचे काम घरातल्या किंवा ग्रंथालयातल्या एखाद्या जाणत्याने जुन्या यंत्रावर करून द्यावे. वाचावे मात्र आजीने, शिक्षकाने, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या निवृत्त कारकुनाने, कानाने वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्याने. अंधांसाठीच्या सुगम्य पुस्तकालयाचे वाचक महाराष्ट्रातही आहेत. त्यांना कोणी अशा चाचणीचे निमंत्रण दिले तर मुका मेनू ओळखायला त्यांना पाच मिनिटे लागणार नाहीत. कळवायचे असते ते थोडेच. यंत्राचे मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कोणत्या शब्दापाशी काय केले, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले. सोबत पडद्याचा फोटो. इंग्रजी येत नसेल तर जाणत्याने भाषांतर करून पाठवावे. विकासक परदेशात बसलेला असतो, त्याला भाकऱ्या म्हणजे काय ते माहीत नसते. पण रफार चढलेला शब्द आणि हवा तसा शब्द शेजारी शेजारी दाखवले, की दोष त्यालाही दिसतो.